रानकेळ आणि बागेतील केळ : नगर जिल्ह्यातील प्रवाशासाठी

मृगाचा पाऊस स्थिरावून काही आठवडे लोटले, म्हणजे संगमनेरहून अकोले, राजूर, शेंडी या मार्गाने भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांस रतनवाडीच्या किंवा घाटघरच्या वाटेवर, काळ्या कातळांच्या कपारींतून आणि जेथे माणसाने पाऊल ठेवणेही दुष्कर अशा उभ्या कड्यांच्या अंगावरून, रुंद, हिरव्यागार पानांचे झुबके वर आलेले दिसू लागतात. आणि त्यांतील पुष्कळ जण, ‘येथे केळी कोणी लावल्या?’ असा प्रश्न विचारून, उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जातात. त्या केळी कोणी लावलेल्या नसतात. त्या सह्याद्रीच्या स्वतःच्या आहेत. त्यांचे कुळ बागेतल्या केळीहून निराळे आहे, त्यांचे आयुष्य निराळ्या रीतीने चालते, आणि एकदा ही भिन्नता कळली म्हणजे पुन्हा कधी विसरली जात नाही. प्रवासात दिसणारी केळ रानची की बागेची, बागेची असल्यास कोणत्या जातीची, आणि केळीसारखी दिसणारी परंतु केळ नसलेली झाडे कोणती, हे सामान्य प्रवाशाला केवळ डोळसपणे पाहून ठरविता यावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

या अभ्यासास नगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, विशेष सोयीचा आहे, याचे कारण त्याच्या भूरचनेतच सापडते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अशा या जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड उभे आहेत, आणि तेथल्या घाटघरला लोक ‘नगर जिल्ह्याचे चेरापुंजी’ म्हणतात. उलट पाथर्डी, कर्जत, जामखेड या पूर्वेकडील तालुक्यांत पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी ते वर्ष बरे गेले असे मानतात. केळीला तर पाणी हवे. म्हणून जिल्ह्याच्या मैदानी भागात ती जेथे दिसते तेथे तिच्या पाठीशी कालवा, विहीर किंवा ठिबकाची नळी असतेच असते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी, आणि पुढे मुळा धरणाचे पाणी राहुरी-नेवाशाकडे खेळू लागले, तेव्हापासून उसाच्या या मुलुखात बागाईत पिकांना आसरा मिळाला. यावरून प्रवाशाने पहिला अदमास बांधावा : मैदानात, ओळीने, सारख्या अंतरावर उभी असलेली केळ ही लावलेली, आणि घाटमाथ्यावर, जेथे पाटाचे पाणी पोचणे शक्य नाही अशा खडकावर उभी असलेली केळ ही बहुधा रानची. परंतु हा केवळ अदमास होय, निर्णय नव्हे. निर्णयासाठी झाडाजवळ जावे लागते.

जवळ गेल्यावर प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, की केळ हा वृक्ष नाही. ज्याला आपण खोड किंवा खांब म्हणतो, जो सत्यनारायणाच्या चौरंगाला चारी बाजूंनी बांधतो, तो पानांच्या तळांच्या सोपांनी एकमेकांस गच्च वेढून बनलेला केवळ आभास आहे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदातून निघालेला फुलोऱ्याचा दांडा सोपांच्या मधून वर चढतो, शेंड्याला बाहेर पडून खाली झुकतो, आणि त्यालाच शेतकरी ‘केळ निसवली’ असे म्हणतो. एका खांबाला घड एकदाच येतो, आणि घड उतरला की तो खांब संपला. येथपर्यंत रानकेळ आणि बागेतील केळ यांची गोष्ट समान आहे. भेद यापुढे सुरू होतो, आणि तो पानांत व फळांत असला तरी प्रथम पायथ्याशी पाहावा.

बागेतल्या केळीच्या बुंध्याशी पाहावे. तेथे कंदापासून फुटलेले मुनवे दिसतील : काही निमुळत्या, तलवारीसारख्या अरुंद पानांचे, काही लहानपणीच रुंद पाने काढून बसलेले दुर्बळ. शेतकऱ्याने ते कापून टाकले असतील तर त्यांचे छाट तरी दिसतातच. मूळ खांब मेला तरी मुनव्यांच्या रूपाने त्याच कंदाचा वंश चालू राहतो. जळगावकडे याच मुनव्यांवर दुसऱ्या वर्षीचा पीलबाग धरतात. सारांश, खरी केळ, जिला शास्त्रज्ञ ‘मुसा’ या प्रजातीत घालतात, ती कुटुंबवत्सल आहे. ती एकटी उभी दिसली तर तिला कोणी तरी एकटी ठेवली आहे असे समजावे.

आता रतनवाडीच्या कातळावरील केळीच्या बुंध्याशी पाहावे. तेथे एकही मुनवा नसतो. बुंधा तळाशी विलक्षण फुगलेला, आणि वर जाताना झपाट्याने निमुळता होत गेलेला असतो. गळून गेलेल्या पानांच्या जुन्या वळ्यांचे दाट, एकावर एक चढलेले ठसे त्या फुगीर भागावर उमटलेले असतात. पाने देठाच्या बाबतीत कृपण : बागेतल्या केळीचा देठ चांगला लांब, तर येथे पान अरुंद होत होत जवळजवळ बुंध्यापर्यंत येते, आणि म्हणून सारा झुबका एखाद्या उलट्या धरलेल्या छत्रीसारखा वर उघडलेला दिसतो. हीच चवई, कोठे चवेणी, कोठे कवदर, आणि सर्वत्र समजेल असे नाव रानकेळ. तिचे शास्त्रीय नाव ‘एन्सेटे सुपर्बम’.

या वनस्पतीचा जीवनक्रम प्रवाशाने नीट समजून घ्यावा, कारण तिची ओळख त्यावरच अवलंबून आहे. पावसाच्या प्रारंभी कपारीतल्या मूठभर मातीत रुतलेल्या कंदातून पाने फुटतात. पावसाळाभर ती वाढते, कंदात अन्न साठविते. आणि पाऊस सरून हवा कोरडी पडू लागली की पाने पिवळी पडून, वाळून, गळून जातात आणि मागे तो फुगीर बुंधा तेवढा उरतो. उन्हाळ्यातील दीर्घ शुष्क महिने ती अशा निद्रावस्थेत काढते आणि पुढल्या पावसात पुन्हा जागी होते. असे काही वर्षांचे संचित जमले म्हणजे एका वर्षी ती फुलते. त्या एका फुलोऱ्यास, त्याच्या फळांस आणि बियांस सारे संचित अर्पण करते, आणि मरते. मुनवा नाही, कंदातून दुसरा कोंब नाही. तिचा पुढचा वंश केवळ बियांतून. ज्या चवईचा बुंधा फुलण्यापूर्वी कोणी गंमत म्हणून तोडला, तिच्या कित्येक वर्षांच्या साठवणुकीचा तेथेच शेवट झाला, आणि मागे काहीही उरले नाही. बागेतला खांब तोडणे आणि चवईचा बुंधा तोडणे या दोन कृती वरवर सारख्या दिसल्या तरी परिणामाने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे प्रत्येक गिर्यारोहकाने मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फुलोरा दिसला तर ओळखीचे काम अगदी सुलभ होते. बागेतल्या केळीचे केळफूल आपण जाणतो : जांभळ्या छदांचा टोकदार कळा, ज्याचे एकेक छद उचलले जाते आणि साधारणतः गळून पडते, आणि दांडा लांबत जातो. चवईची छदे मोठी, रुंद, गडद तपकिरी-तांबूस असतात, आणि ती गळत नाहीत. दीर्घकाळ दांड्यास धरून राहतात, व त्यांच्या आड फळांच्या ओळी दाटीने बसतात. फूल, छद आणि दांडा यांच्यामध्ये गळून पडण्याचा सांधाच नसतो, हे या प्रजातीचे एक मर्माचे लक्षण आहे. पिकलेले फळ फोडले तर हाताला गर थोडा आणि बिया फार लागतात : काळ्या-तपकिरी, कठीण, कोनदार आणि चांगल्या टपोऱ्या. बागेतल्या केळ्यात मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ते बियांचे केवळ अवशेष. परागसिंचनावाचून फळ धरण्याची जी शक्ती मनुष्याने हजारो वर्षे निवडीने जोपासली, तिची ती खूण आहे. रानचे फळ खाण्याच्या भरीस मात्र पडू नये. बियांचे नाना औषधी उपयोग आदिवासी वैदू सांगतात, मुतखड्यावर तर त्यांचा पुष्कळ बोलबाला आहे; परंतु वाटेत उचललेल्या बिया घरी उगाळून पिणे हे धाडस कोणी करू नये.

विल्यम रॉक्सबर्ग या कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या अधीक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या वनस्पतीस ‘मुसा सुपर्बा’ असे नाव दिले, म्हणजे तिची गणना खऱ्या केळीतच केली, आणि ती चूक सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथांतून तशीच चालत राहिली; अखेर १९४७च्या सुमारास चीझमन या संशोधकाने मुनवे नसणे, एकदाच फुलणे, न गळणारी छदे, मोठ्या बिया आणि पेशीतील गुणसूत्रांचा निराळा मूलांक, म्हणजे मुसाच्या बहुतेक जातींत अकरा तर येथे नऊ, या सर्वांचा एकत्र विचार करून एन्सेटे ही प्रजाती पुन्हा स्वतंत्र उभी केली. गंमतीची गोष्ट अशी, की हे पृथक्त्व एका प्रवाशाच्या ध्यानात फार पूर्वी आले होते. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात हबशी मुलखातील, म्हणजे आजच्या इथिओपियातील, ‘एन्सेट’ नावाच्या वनस्पतीचे वर्णन केले, आणि ही केळ नव्हे असे बजावून सांगितले. तेथील दक्षिणेकडच्या डोंगराळ प्रदेशात ती जात आजही शेतात लावतात; फळासाठी नव्हे, तर तिचा कंद आणि बुंध्याचा गाभा आंबवून त्याची भाकरी करण्यासाठी. अहमदनगरच्या निजामशाहीचा अखेरच्या काळातील कर्तबगार वजीर मलिक अंबर हा त्याच हबशी मुलखातून आलेला. त्याच्या जन्मभूमीत एन्सेट उभी आणि त्याने ज्या सलतनतीचा कारभार पाहिला तिच्या डोंगरांत तिची भावकीतली चवई उभी, हा योगायोग प्रवरेच्या खोऱ्यातून जाताना मला नेहमी आठवतो.

मैदानात उतरल्यावर प्रश्न पालटतो. तेथे केळ बागेची की रानची हे विचारावयाचे नसते. ती कोणत्या रक्ताची, हे विचारावयाचे असते. आपण खातो त्या बहुतेक सर्व केळी दोन रानटी जातींपासून उद्भवल्या आहेत, मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. काही केवळ पहिलीच्या, काही दोघींच्या संकराच्या. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोघा संशोधकांनी पंधरा लक्षणे ठरवून, प्रत्येकास गुण देऊन, कोणत्या केळीत कोणता अंश किती हे जाणण्याची पद्धती घालून दिली, आणि ती इतकी व्यवहार्य आहे की तिच्यातील तीन-चार लक्षणे प्रवाशालाही सहज वापरता येतात.

पहिले लक्षण देठाचे. देठाच्या वरच्या अंगास जी पन्हळ असते तिच्या कडा पाहाव्यात. त्या उघड्या, बाहेर पसरलेल्या आणि तळाशी पातळ पापुद्र्यासारख्या झालेल्या असतील, तर अक्युमिनाटाचा अंश बलवान. कडा आत वळून पन्हळ जवळजवळ मिटली असेल, तर बाल्बिसियानाचा. दुसरे, खांबावरील डाग : पहिलीत काळसर-तपकिरी डाग भरपूर, दुसरीत तुरळक किंवा मुळीच नाहीत. तिसरे, केळफुलाची छदे : पहिलीत छद उचलले गेल्यावर मागे गुंडाळले जाते, दुसरीत ते उचलले जाते परंतु गुंडाळी होत नाही. चौथे लक्षण कोवळे फळ कापून त्यातील बीजांडांच्या ओळी मोजण्याचे आहे, अक्युमिनाटात दोन नियमित आणि बाल्बिसियानात चार अनियमित. परंतु परक्याच्या बागेत फळ कापत बसणे शिष्टसंमत नव्हे, तेव्हा ते बागवानाने आपण होऊन दिले तरच पाहावे.

या कसोट्या घेऊन नगर जिल्ह्यातील व्यापारी बागेत शिरले तर बहुधा एकच उत्तर मिळेल : देठाची पन्हळ उघडी, खांबावर डाग भरपूर, घड लांब, फण्या भरीव, फळे एकसारखी. ही कॅव्हेंडिश गटातील ग्रँड नैन, जिला शेतकरी ‘जी-नाइन’ म्हणतात. ती प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढविलेल्या रोपांपासून लावलेली असते, म्हणून साऱ्या बागेची उंची आणि निसवण्याचा काळ जवळजवळ एक असतो. तिच्याच गोत्रातील बसराई, जिच्यावर एके काळी खानदेशातील रावेर-यावलची केळी उभी होती, ती ठेंगणी असते आणि तिच्या फुलोऱ्याच्या दांड्यास वाळलेली नरफुले व छदे चिकटून राहिलेली दिसतात. खांब, देठ आणि फळ या सर्वांवर तांबडी-जांभळी छटा असेल तर ती लाल केळ, हे सांगावयास नकोच. वेलचीचे फळ बोटाएवढे, सालीने पातळ, चवीने मधुर. राजेळी घडात फळे मोजकी परंतु प्रत्येक फळ लांब, जाड आणि कोनदार; वसईची सुकेळी हिच्याच फळाची होतात. वाड्यावस्त्यांवरील परसात, सांडपाण्याच्या कडेला, जी जुनी केळ उभी असते तिच्याकडे प्रवाशाने विशेष आदराने पाहावे, कारण ती कोणी बाजारातून आणलेली नसून माहेराहून किंवा शेजाऱ्याच्या परसातून मुनव्याच्या रूपाने आलेली असते, आणि तिच्यासारखी दुसरी त्या शिवारात कदाचित नसते. अशा केळीची चौकशी घरच्या वडीलधाऱ्या बाईंपाशी करावी. मावशी तिचे नाव, तिची चव आणि ती भाजीची की पिकवून खाण्याची, हे सर्व सांगतील.

केळीसारख्या दिसणाऱ्या झाडांचा निकाल थोडक्यात लावता येतो. शिर्डीच्या परिसरातील निवासस्थानांच्या आणि अनेक महाविद्यालयांच्या आवारांत, केळीची पाने एका पातळीत पंख्यासारखी मांडावीत तसे दिसणारे जे उंच झाड असते, ते मादागास्करचे, इंग्रजांनी ‘प्रवाशाचा ताड’ असे नाव दिलेले. ते ना ताड ना केळ, आणि मोठे झाल्यावर त्यास खरे लाकडी खोड येते. कर्दळ, सोनटक्का आणि हेलिकोनिया यांची पाने लहान असतात, व त्यांच्या फुलोऱ्याकडे एक दृष्टी टाकताच शंका मिटते.

निरीक्षणाचा क्रम ठरलेला असावा, म्हणजे घाईत काही राहून जात नाही. प्रथम जागा आणि पाण्याची सोय, मग बुंध्याचा पायथा आणि मुनवे, मग देठाची पन्हळ, मग फुलोरा, आणि सर्वांत शेवटी फळ. छायाचित्र घ्यावयाचे तर संपूर्ण झाडाचे एक, बुंध्याच्या तळाचे एक, देठाच्या कडांचे एक आणि छदाच्या बाहेरील व आतील बाजूंचे एकेक घ्यावे. केवळ पानांच्या छायाचित्रावरून कोणताही जाणकार खात्रीचे उत्तर देऊ शकणार नाही. वहीत गाव, महिना, खडकावर की मातीत, आणि आसपास किती झाडे, एवढे टिपावे. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की निघत नाही, हे पांढरे कपडे घातलेल्यांनी ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात कड्याच्या कातळावर शेवाळ असते, आणि त्या दिवसांत रुंद, ओलसर पानांच्या आड हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असू शकतो. तेव्हा हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे तेथील कंद, फळे किंवा रोपे परवानगीवाचून उचलून आणणे हा नियमभंग होतो. आणि घरच्या कुंडीत ती चवई जगली तरी तिचे रान तिच्याबरोबर येत नाही.

काही प्रसंगी ही लक्षणेही पुरी पडत नाहीत, आणि तेथे उतावीळ होऊ नये. ओढ्याकाठी, ओसाड पडलेल्या एखाद्या वाडीच्या चौथऱ्याजवळ केळींचे गच्च बेट दिसले आणि त्यास पुष्कळ मुनवे असले, तर ते रान माजले असले तरी झाड रानचे नव्हे. माणसे उठून गेली आणि त्यांची केळ मागे राहिली, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट, एका फळातल्या अनेक बिया एकाच कपारीत रुजल्यामुळे चवईची चार-सहा झाडे कधी कधी इतकी जवळ वाढतात, की ती एकाच कंदाची संतती वाटावीत. तेथे खाली वाकून पालापाचोळा हलकेच बाजूला सारावा, प्रत्येक बुंधा आपल्या स्वतंत्र फुगवट्यावर उभा आहे की आडवा जोडलेला आहे ते पाहावे, आणि पाचोळा पुन्हा जागेवर सारून ठेवावा. तरीही शंका उरली, तर वाटेवर गुरे वळणाऱ्या महादेव कोळी किंवा ठाकर समाजातील एखाद्या वृद्धास विचारावे. मात्र ‘हे काय आहे?’ असे न विचारता, ‘बाबा, हिला पिलं फुटतात का?’ असे विचारावे, म्हणजे अचूक उत्तर मिळते. आणि जो प्रवासी उन्हाळ्यात, फाल्गुन-चैत्रात, पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढेल, त्यास पान नाही, फूल नाही अशा स्थितीत कातळाच्या खाचेत एखादा करडा, सुरकुतलेला, घागरीएवढा गोळा बसलेला दिसल्यास त्याने तो वठलेला बुंधा समजून पायाने ढकलू नये. शेजारी फळांचा वाळलेला घड पडलेला नसेल, तर ती चवई जिवंत आहे आणि आषाढात त्याच वाटेने परत आल्यास तिची पाने मोजता येतील.